हयातीपुरती

मंगळवारी पाण्याची पाळी धाकटीची. सकाळी लाइट आली तशी ती खोरं खांद्यावर टाकून विहिरीवर गेली, तर मोटरच्या खोपटाला कुलूप. नवंकोरं, पिवळं, लहान मुलाच्या मुठीएवढं. एकोणीस वर्षांत त्या दाराला कधी कडीसुद्धा नीट लागली नव्हती. आत विंचू निघतात म्हणून चोरही फिरकत नसत.

तिनं कुलूप हातात धरून पाहिलं. मग खोरं तिथंच भिंतीला टेकवून ती मोठ्या घराकडे गेली.

जाऊ अंगणात भांडी घासत होती. धाकटी फाटकाबाहेर थांबली. फाटकाच्या आत ती बोलावल्याशिवाय जात नसे, आणि बोलवायचं कुणाच्या फारसं मनात येत नसे.

"खोपटाला कुलूप आहे," धाकटी म्हणाली.

"मोटर जळलीय." जाऊनं मान वर केली नाही.

"कधी?"

"काल."

"काल दिवे लागेपर्यंत तुमच्या मक्यात पाणी चालू होतं."

"मग त्यानंतर जळली असेल. मला काय मोटरमधलं कळतं?" जाऊनं घासलेलं पातेलं पालथं घातलं. "पोरगा बघतो म्हणालाय. होईल दुरुस्त."

धाकटी जरा वेळ उभी राहिली. भांडण करायला अंगात जी ऊब लागते ती तिच्यात फार वर्षांपूर्वीच विझली होती. ती परत फिरली, खोरं उचललं आणि कोरड्या दांडाच्या कडेनं आपल्या वाफ्यांकडे गेली.

तिला गावात धाकटीच म्हणत. घरातल्या धाकट्या मुलाची बायको, एवढीच ओळख. खरं नाव गोळ्यांच्या केंद्रातल्या वहीत होतं आणि तिथंच काय ते पुकारलं जाई. नवरा बोअरच्या गाडीवर कामाला होता. आज या गावात, उद्या त्या गावात, महिना महिना बाहेर. तो आजारी होऊन घरी आला तो उठलाच नाही. त्याच्या आधी मुलगी गेली होती. चौदा महिन्यांची होती. तिला काय झालं होतं ते तेव्हा कुणाला कळलं नव्हतं. नवऱ्याचं रक्त तपासलं तेव्हा कळलं, आणि मग धाकटीचं तपासलं.

वाटणीचा कागद झाला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि वजन होतं एकतीस किलो. अंगणात सावलीला तिची खाट टाकली होती. सासरा तेव्हा होता. गावातले चार शहाणे जमले होते आणि खाटेवरचं माणूस बहिरं असल्यासारखे मोठमोठ्यानं बोलत होते. विहिरीखालचा दीड एकर धाकटीनं हयात असेतो कसून खावा, तिच्यामागे तो थोरल्या दिराचा, असं ठरलं. सासऱ्याच्या मनात दया होती आणि थोरल्याच्या मनात हिशेब होता, पण दोन्हींची बेरीज एकच आली म्हणून वाद झाला नाही.

"हयातीपर्यंत म्हणजे किती, ते घालायचं का?" लिहिणाऱ्यानं विचारलं.

"पुढचा उन्हाळा काढते का बघ," दुसरा म्हणाला. "कशाला शाई नासवतोस?"

तेव्हा थोरला म्हणाला होता, "हळू बोला." तेवढं तिच्या ध्यानात राहिलं. बोलू नका नव्हे. हळू बोला.

अंगठा घ्यायची वेळ आली तेव्हा तिचा हात धरायला कुणी पुढे होईना. शेवटी शाईची डबी आणि कागद पाटीवर ठेवून ती पाटी काठीनं खाटेपर्यंत सरकवली. तिनं अंगठा आपला आपणच उठवला. तो जरा तिरका उठला, पण चालला.

मग त्याच वर्षी शहरातल्या सरकारी दवाखान्यात गोळ्या आल्या. फुकट. तिसऱ्या महिन्यात ती उठून बसली, पाचव्या महिन्यात आपल्या पायांनी विहिरीखाली आली आणि बांधावर बसून राहिली. तो उन्हाळा तिनं काढला. पुढचाही काढला. मग गावानं उन्हाळे मोजायचं सोडून दिलं. मोठ्या घरानं मात्र सोडलं नाही.

ती स्वतःही मोजत होतीच. तुकड्याच्या कडेला तिनं दोन खोल्या उभ्या केल्या, पण पत्रे जुनेच घातले. कशाला नवे, थोडक्यासाठी? गळायला लागलं की ती खाली भांडं ठेवी. पहिली चार-पाच वर्षं ती 'थोडक्यासाठी' असं म्हणे. पुढं म्हणायचं राहून गेलं, पण पत्रे तेच राहिले आणि भांडंही.

कांदा पोसायला लागला होता. पात हिरवीगार, खाली लिंबाएवढा कांदा धरलेला. आणखी दोन पाणी नीट मिळाली तर मुठीत मावणार नाही असा झाला असता. नाही मिळाली तर लिंबाचा लिंबूच. धाकटीनं दोन दिवस वाट पाहिली. बुधवारी दुपारी मक्यात मोटरचं पाणी खळखळत गेलं, ते तिनं ऐकलं. गुरुवारी तिनं कावड काढली.

ओढ्याला अजून दोन डबकी शिल्लक होती. तिथून तिच्या पहिल्या वाफ्यापर्यंत तीनशे पावलं. दोन्ही बाजूंना दोन डबे, मधे खांद्यावर बांबू. एका वाफ्याला नऊ खेपा लागल्या. पाणी टाकलं की भुई सुस्कारा टाकून ते पिऊन घेई आणि वर पुन्हा पांढरी पडे. बांबू टोचत होता तिथं तिनं डोक्याचं फडकं घडी करून ठेवलं. ते घसरत राही. संध्याकाळपर्यंत सहा वाफे झाले. एकूण वाफे होते एकशे दहा.

शेळीवाली म्हातारी ओढ्यावर शेळ्या पाजायला आली होती. गावात धाकटीशी थांबून बोलणारं तेवढंच माणूस, कारण तिला बोलायला कुणीही चाले. शेळ्यांशीही ती तासन् तास बोलत असे.

"मोटर जळली म्हणे," म्हातारी म्हणाली.

"हो म्हणतात."

"मग मका कुणाच्या घामावर चाललाय?"

धाकटीनं डबे बुडवले.

"शहरातून दोघं आले होते गाडीतून," म्हातारी सांगू लागली. "तुझ्या पुतण्याला कोंबड्यांची शेड घालायचीय. लांबच लांब, पंखेबिंखे लावून. त्यांना रस्त्याला लागून जागा पाहिजे. रस्त्याला लागून तुझाच तुकडा. पाणी तोडलं की पीक जाईल, पीक गेलं की तू जाशील, असा त्यांचा हिशेब."

"मी कुठं जाणार?"

"तेच तर. तू मरत नाहीस आणि पोरगा थांबत नाही. आता यात दोष द्यायचा कुणाला?" म्हातारी आपल्याच बोलण्यावर खो खो हसली. मग तिनं एका शेळीला शिवी दिली आणि ओढ्याच्या काठानं पुढे गेली.

धाकटीनं कावड उचलली. आपल्याला राग यायला हवा, असं तिला वाटलं. तो येतो का, म्हणून तिनं वाट पाहिली. खांदा दुखत होता तेवढंच कळत होतं.

त्याच संध्याकाळी थोरला बांधावर आला. साठी ओलांडलेला, पाठीत वाकलेला, चालताना एक हात कमरेवर. तो सहसा इकडे येत नसे. ओल्या सहा वाफ्यांकडे आणि कोरड्या बाकीच्यांकडे त्यानं पाहिलं, आणि पाण्याबद्दल काही बोलला नाही.

"उद्या तुझी गोळ्यांची तारीख ना?"

"हो." तीन महिन्यांतून एकदा ती दाराला कडी घालून सकाळच्या बसनं जाते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी येतो."

"तुम्ही कशाला, भाऊजी?"

"बघू जरा," थोरला म्हणाला आणि कमरेवर हात ठेवून परत गेला.

बसमध्ये तो तिच्या पुढे दोन बाकं सोडून बसला. उतरल्यावर मात्र तिच्या मागून चालू लागला, कारण वाट तिला माहीत होती.

केंद्र दवाखान्याच्या मागच्या बाजूला होतं. धाकटी पहिल्यांदा आली तेव्हा या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं फरशीवर निजलेली असत, भिंतीशी ओकत असत, आणि पुढच्या महिन्यात त्यातली कोण कोण दिसत नाहीत ते ती बघत असे. आता सात-आठ खुर्च्यांवर माणसं होती. कुणी मोबाइलवर काही बघत होतं, एक बाई लोकर विणत होती. दारावर कापडी फलक लावला होता. नव्या लागणी निम्म्याहून कमी झाल्याचं त्यावर लिहिलं होतं, आणि खाली एक वर चढत जाणारी रेघ आणि एक उतरत जाणारी. थोरल्यानं तो फलक उभा राहून सगळा वाचला.

समुपदेशक मॅडम तरुण होती. धाकटीच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा ती शाळेत असेल. थोरल्याला पाहून ती खुर्चीतून उठलीच.

"हे कोण?"

"माझे दीर."

"अरे वा! एकोणीस वर्षांत घरचं कुणी पहिल्यांदा आलं. बसा ना काका. मला फार बरं वाटलं."

थोरला खुर्चीच्या टोकावर बसला. मॅडमनं वही उघडली, संगणकावर काही पाहिलं. "एकदम छान. रक्तात विषाणू सापडतच नाही."

"सापडत नाही?" थोरल्यानं विचारलं. "मग गेला कुठं?"

"दबून बसलाय, काका. गोळी रोज घेतली तर तो वर येत नाही. त्यांच्यापासून आता कुणालाही धोका नाही. आणि हात लावल्यानं, एका ताटात जेवल्यानं तर तो कधीच होत नव्हता. आधीही नाही. घरी सांगा सगळ्यांना."

"म्हणजे बरी झाली?"

"बरी नाही म्हणता येणार. गोळी जन्मभर. पण बाकी तुमच्या-माझ्यासारख्याच."

थोरल्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. खाकरला. मग ज्यासाठी दोन तास बसमध्ये धक्के खाल्ले होते ते विचारलं.

"मग ही किती वर्षं काढेल?"

मॅडमचे डोळे भरूनच आले. "काळजी वाटते ना? अगदी साहजिक आहे. काका, गोळी चुकवली नाही तर तुम्ही-आम्ही जेवढं जगतो तेवढंच त्या जगणार. सत्तर, पंचाहत्तर. ऐंशीसुद्धा. काय सांगावं, तुमच्या-माझ्या मागेही राहतील!" आणि ती हसली.

थोरला हसला नाही. धाकटी भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत होती. पंख्याचं एक पातं वाकलं होतं आणि प्रत्येक फेऱ्याला टक् असा आवाज येत होता. ऐंशी, असं तिनं मनात म्हणून पाहिलं. म्हणजे आणखी पस्तीस. दुसऱ्याच कुणाचं वय सांगितल्यासारखं वाटलं.

"आपला भाग आता शेवटच्या टप्प्यात आलाय," मॅडम उत्साहानं सांगत होती. "या वर्षी आपल्याकडे एकही बाळ हा आजार घेऊन जन्मलं नाही. एकही नाही! आईला वेळेवर गोळ्या दिल्या की झालं. महिनाअखेरीला कार्यक्रम आहे, मोठे अधिकारी येणार आहेत. तुम्ही याल का बोलायला? दोन मिनिटं. इतकी वर्षं कशा जगलात ते सांगायचं."

"कशी म्हणजे?"

"म्हणजे... रोज काय केलंत, धीर कसा धरलात."

धाकटीनं विचार केला. रोज काय केलं ते तिला आठवत होतं. खुरपलं, पाणी दिलं, कापणी केली, संध्याकाळी आठला गोळी घेतली. धीर कधी धरला ते आठवेना. एकही बाळ नाही, हे शब्द कानात होते, आणि त्यांच्याशेजारी चौदा महिने हे दोन शब्द येऊन उभे राहिले होते. दोन्ही नुसते उभे होते. एकमेकांशी बोलत नव्हते.

"कांदा काढायला येईल तेव्हा," ती म्हणाली. "जमेलसं नाही."

बसथांब्यावर थोरल्यानं दोन चहा सांगितले. कागदाच्या पेल्यात होते. एक त्यानं बाकावर तिच्याजवळ ठेवला, मग जरा विचार करून उचलला आणि तिच्या हातात दिला. चहा बराच हिंदकळला.

"मी बासष्टचा," तो म्हणाला.

"हो."

"तू पंचेचाळीस."

"झाले मागच्या महिन्यात."

तो चहा फुंकत राहिला. समोर एका बसचा ड्रायव्हर टायरवर लाथा मारून हवा बघत होता.

"तेव्हा मला वाटलं होतं..." थोरला म्हणाला आणि थांबला.

"मलापण तसंच वाटलं होतं, भाऊजी."

"पोरगा ऐकत नाही. त्याला घाई आहे. त्याच्या वयात मलाही होती." त्यानं घोट घेतला. "माळावरचा तुकडा आहे ना, दोन एकर. तो तुझ्या नावावर करून देतो. कायमचा. हयातीबियातीची भानगड नाही. विकलास तरी कुणी विचारणार नाही. विहिरीखालचा तेवढा सोड."

"माळावर पाणी नाही."

"पाणी नाही, पण नाव तर तुझं लागेल."

"बघते," धाकटी म्हणाली.

परतताना तो तिच्या मागच्याच बाकावर बसला.

शनिवारी ती माळावर जाऊन आली. सोबत टिकाव नेला होता. पाच-सहा ठिकाणी मारून पाहिला. वीतभर मातीखाली टिकाव ठण्ण वाजे आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणत. पुढं पंचवीस-तीस वर्षं जगायचं असेल तर त्यातली पहिली दहा दगड वेचण्यात जाणार होती. खाली सगळं गाव दिसत होतं: मोठं घर, विहीर, आणि विहिरीखाली तिचा तुकडा. वरून पाहिलं तर त्याचा रंग उतरला होता. पात शेंड्याकडून पिवळी पडत चालली होती.

ती दगडावर बसली. कायमचं म्हणजे किती, असा विचार तिनं करून पाहिला. पुढं कुणाला द्यायचं नव्हतं. नाव कागदावर लागलं काय नि न लागलं काय, संध्याकाळी भूक लागायचीच. आणि कांदा तिथं खाली होता. आज होता.

रविवार आणि सोमवार तिनं कावड वाहिली. सोमवारी रात्री तिला उजवा हात डोक्यावर नेता येईना. गोळी तिनं डाव्या हातानं घेतली.

मंगळवार तिच्या पाळीचा. लाइट आल्यावर ती विहिरीवर गेली. खांद्यावर खोरं होतं आणि हातात टिकाव. तिनं खोरं खाली ठेवलं, फडक्यानं हात पुसले, आणि दाराच्या कोयंड्यावर टिकाव घातला. घाव चुकून भिंतीवर बसला. माती उडाली. दुसरा बसला. कुलूप मजबूत होतं, पण कोयंडा त्याच्याएवढा नव्हता. तिसऱ्याला तो वाकला. ती रागावली नव्हती. खुंट उपटावा तशी ती एका लयीत काम करत होती. चौथ्या घावाला टिकाव निसटला, तिची मूठ चौकटीवर घासली आणि बोटांच्या पेरांवरचं कातडं सोलून निघालं.

आवाजानं मक्यातून माणसं बाहेर आली. पुतण्या मोटरसायकल फेकून धावत आला.

"काकू! काय चाललंय? सोडा ते!"

"आज पाळी माझी आहे."

"मोटर जळलीय म्हणून सांगितलं ना!"

"मग बघते जळलेली." तिनं पाचवा घाव घातला.

त्यानं टिकावाच्या दांड्यासाठी हात पुढं केला. वीतभर अंतरावर तो हात थांबला. त्याची नजर तिच्या मुठीवर होती. पेरांमधून रक्त दांड्यावर उतरलं होतं. त्यानं हात मागं घेतला, मग एक पाऊलही मागं घेतलं. मक्याच्या कडेला उभी असलेली माणसं होती तिथंच उभी राहिली. कुणाच्या हाताला काही सुचेना.

धाकटीनं ते पाहिलं. मॅडमनं सांगितलेलं सगळं तिला पाठ होतं. ती ते म्हणाली नाही. इतकी वर्षं ही माणसं जिच्यामुळे तिच्यापासून लांब बसली, ती भीती आता तिच्या बाजूनं उभी राहिली होती, आणि धाकटी तिला हाकलणार नव्हती. सहाव्या घावाला कोयंडा चौकटीतून उपटून आला. कुलूप त्याला तसंच लटकलेलं.

तोवर थोरला येऊन पोचला होता. त्याला धाप लागली होती. तो विहिरीच्या काठाला टेकला.

"बाबा, बघा!" पुतण्या ओरडला. "आणि हात कसा लावायचा?"

"हात लावलास तर काही होत नाही," थोरला म्हणाला. "मी विचारून आलोय."

पुतण्यानं बापाकडे पाहिलं, मग धाकटीच्या मुठीकडे.

"मग धरू?"

"काही होत नाही," थोरला पुन्हा म्हणाला. "पण लावू नकोस."

थोरल्यानं कमरेवरचा हात काढून कपाळावरचा घाम पुसला.

"माळाचं काय ठरवलंस?" त्यानं धाकटीला विचारलं.

"नको. मला पाणी लागतं."

"म्हणजे लिहिलंय तसंच?"

"लिहिलंय तसंच."

"म्हणजे आम्ही काय नुसतं थांबायचं?" पुतण्याचा आवाज चिरकला. "किती वर्षं?"

"थांब," थोरला म्हणाला. "मीही थांबलोच की."

मक्याच्या कडेला कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. पुतण्यानं मोटरसायकल उभी केली, दोनदा किक मारली, ती चालू होईना, तेव्हा ढकलत घेऊन गेला.

धाकटी खोपटात वाकून शिरली. आत अंधार होता. तिनं स्टार्टरचा हिरवा खटका दाबला. मोटर गुरगुरली, पाइपात हवा फसफसली आणि पाणी आलं. मोटरला काहीही झालं नव्हतं. तिनं खोरं घेतलं आणि पाण्याच्या पुढं पुढं चालत दांडातला पालापाचोळा काढत गेली. पहिल्या वाफ्याचं तोंड फोडलं. पाणी आत शिरलं, कोरड्या भेगांत बुडबुड करत उतरलं. तिचे पाय घोट्यापर्यंत चिखलात गेले. चिखल गार होता. दुपारी लाइट जाईपर्यंत छप्पन वाफे भिजले. उरलेले शुक्रवारी, आठवड्यातल्या तिच्या दुसऱ्या पाळीला. शुक्रवारी खोपटाच्या दाराला कोयंड्याच्या जागी एक काडी खोचलेली होती, विंचू आत राहावेत म्हणून.

कांदा काढायला आला तेव्हा निम्मा चांगला निघाला. जास्त तहानलेले वाफे होते त्यांतला बारीकच राहिला. मॅडमचा फोन आला, कार्यक्रम फार छान झाला, टाळ्या पडल्या, तुम्ही हव्या होतात. धाकटी म्हणाली, "मी कांद्यात होते." खोटं नव्हतं.

उपटून सुकवलेला कांदा मेरेवर ओळीनं पडला होता. पात कापायला मजूर मिळेना, कारण सगळ्यांचाच कांदा एकदम आला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊ विळा घेऊन आली.

"त्यांनी पाठवलंय," ती म्हणाली.

"बरं."

जाऊ दहा हात लांब बसली आणि पात कापू लागली. हात भरभर चालत होता तिचा. सराईत होती. दोन्ही बाजूंनी ढीग एकमेकांकडे सरकत आले, तशा त्या दोघीही सरकत आल्या. बोलणं झालं ते कांद्याचं: हा जोडकांदा बाजूला टाक, हा सडका आहे, ऊन चढायच्या आत पोती भरली पाहिजेत. दुपारी दोघींनी मिळून पोती भरली. एकीनं तोंड धरायचं, एकीनं पाटी ओतायची.

शिवायला धाकटी बसली. दाभणात सुतळी ओवायची होती. सुतळीचं टोक फुललं होतं. तिनं ते तोंडात घालून ओलं केलं, बोटांनी पिळलं आणि नेढ्याशी नेलं. बाजूनं गेलं. पुन्हा ओलं केलं. पुन्हा गेलं. दाभण हात लांब करून धरलं तर नेढं दिसे, पण मग सुतळी पुरेना. तिनं डोळे चोळले.

"काय करतेस मघापासून?" जाऊ वैतागली. "ऊन बघ कुठं आलंय. दे इकडे."

तिनं धाकटीच्या हातातून दाभण ओढून घेतलं, सुतळी घेतली, तेच ओलं टोक आपल्या ओठांत धरून दातांनी पिळलं, आणि एका दमात नेढ्यातून पार केलं. मग गाठ मारली.

धाकटी बघत राहिली. जाऊनं दाभण तिच्याकडे परत केलं तेव्हाही ती बघतच होती.

"बघतेस काय? चष्मा घे आता," जाऊ म्हणाली. "म्हातारी झालीस."

धाकटीनं दाभण पोत्याच्या काठात खुपसलं, सुतळी ताणून घेतली आणि म्हणाली,

"झाले बाई."

"मग? पुढचं पोतं धर."